मेजर जेवत नाही

मेजर आठ दिवस जेवला नव्हता, आणि नंदकुमारची नोकरी त्याच्या जेवणावर लटकली होती.

मेजर म्हणजे कर्णिकसाहेबांचा मासा. आफ्रिकेचा, चार बोटं लांब, राखाडी, चेहऱ्यावर कायम लेटमार्क लावल्याचा भाव. जोडीला निळी-पिवळी झगमगीत मॅडम. नावं साहेबांनीच ठेवलेली. "रुबाब आहे तो नर, नटवी आहे ती मादी. मी एका नजरेत ओळखतो," असं ते दोन वर्षं ऑफिसात सांगत होते आणि अख्खं ऑफिस दोन वर्षं माना डोलवत होतं. ज्याची मान जास्त डोलेल तो आधी पर्मनंट. नंदकुमारची मान तर दुखायला लागली होती, पण ऑर्डर काही निघत नव्हती.

साहेबांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीच्या खोलीत ओल नको, असं बाईसाहेबांनी फर्मावलं. ऑफिसात डरकाळ्या फोडणारे साहेब मुकाट्याने काचेची टाकी घेऊन टॅक्सीत बसले आणि मुलुंडला नंदकुमारच्या चाळीत आले. टाकी त्याच्या आईच्या शिवणाच्या मशीनवर बसली.

"मेजरला जप," साहेब म्हणाले. "तो धडधाकट परत आला की तुझी ऑर्डर काढतो."

आणि आल्या दिवसापासून मेजरचं तोंड बंद.

"आई, गाल बघ त्याचे. सुजलेत."

"माका कित्याक इचारतंस? तू बीकॉम ना?" जानकीबाई तांदूळ निवडत म्हणाली.

बीकॉमला माशाचा धडा नव्हता, म्हणून नंदकुमारने खालच्या कुंडलिकला वर आणलं. कुंडलिक दवाखान्यात कंपाउंडर, म्हणजे डॉक्टर जेवायला गेला की डॉक्टर. त्याने काचेला नाक लावलं.

"गालगुंड."

"माशाला?"

"मग काय तुझ्या साहेबाला? सरळ केस आहे यार. गिळता येत नाही म्हणून खात नाही. हळद-मिठाच्या गुळण्या."

"मासा गुळण्या कशा करणार?"

"दिवसभर दुसरं काय करतो रे तो? तू फक्त हळद-मीठ टाक."

टाकलं. पाण्याची कढी झाली. मेजर कोपऱ्यात जाऊन बसला. जानकीबाईला वेगळीच चिंता. घराक इल्लो पाव्हणो उपाशी कसो ऱ्हवतलो, म्हणून तिने मऊ भात कालवून सोडला. तो सगळा मॅडमने हाणला. मेजरने वळूनही बघितलं नाही. त्याच्या नादात नंदकुमारचंही जेवण सुटलं.

बाराव्या दिवशी कुंडलिक म्हणाला, "आत काहीतरी अडकलंय. तोंड उघडून बघू."

पातेल्यातल्या पाण्यात मेजर, मेजरभोवती नंदकुमारचे दोन्ही हात, आणि वर काडेपेटीची काडी घेतलेला कुंडलिक. "आ कर राजा, दुखणार नाही," असं कंपाउंडरी सुरात म्हणत त्याने काडी पुढे केली. काडी टेकायच्या आत मेजरने जबडा वासला आणि पाण्यात वीस-पंचवीस काळे ठिपके पडले. पडले ते वळवळायला लागले.

"जंत," कुंडलिक म्हणाला. "बघ, निदान थोडक्यात हुकलं."

जानकीबाई उठून आली, पातेल्यात वाकली. "जंतांका डोळे असतत काय रे, मेल्या? पोरां ती. बाळंत झालो तुझो मेजर."

नंदकुमारने पातेलं स्वतःकडे ओढलं. "आई, तो नर आहे. साहेबांनी सांगितलंय."

"सायबान सांगल्यान म्हणान पोरां खोटी झाली काय?"

इतक्यात मेजरने पुन्हा तोंड उघडलं आणि सगळी पोरं सुर्रकन आत.

"खाल्ली," नंदकुमार किंचाळला.

"खाल्ल्यान नाय, लपयल्यान. आमच्या वाडीच्या तळ्यात असोच मासो होतो. पोरां भियाली की आई त्यांका तोंडात घेता. म्हणान तर जेवक नाय. तोंडात पोरां असताना गिळतली कशी?"

कुंडलिक काडी खिशात घालून निघून गेला. दवाखाना उघडायची वेळ झाली म्हणे.

रविवारी साहेब पेढे घेऊन हजर झाले. नातू झाला होता. पाणी आता स्वच्छ होतं, पोरं टाकीभर हुंदडत होती. ‘साहेब, मेजर ही बाई आहे’ हे वाक्य नंदकुमारने चार दिवस घोकलं होतं.

"अरे, मॅडम बाळंत झाली," साहेब आनंदाने म्हणाले. "आणि मेजर बघ काळजीने कसा वाळलाय. शेवटी बापाचं काळीज."

नंदकुमारने तोंड उघडलं. जानकीबाईने त्यात आख्खा पेढा कोंबला आणि वर दुसरा.

साहेब टाकीवर वाकले, काचेवर टकटक केलं. त्यांची सावली पडल्याबरोबर मेजरने जबडा उघडून पोरंच्या पोरं आत ओढली.

साहेब पांढरे पडले. "खाल्ली. स्वतःची पोरं खाल्ली याने." ते स्टुलावर बसले. "असला बाप मला घरात नको. घरात तान्हं बाळ आहे. हा राक्षस तूच ठेव. मॅडमला मी नेतो, बाल्कनीत बरणीत ठेवीन. बिचारीच्या डोळ्यांदेखत झालं रे."

नंदकुमारचे दोन्ही गाल फुगलेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पेढा घशाला लागला होता.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुलाही बोलवत नाही ना? समजतं मला."

मग पोरांच्या बापाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ‘रडू नको हं’ अशी त्याची समजूत काढत साहेब जिना उतरले. टॅक्सी कोपऱ्यावर वळली. इकडे मेजरने हळूच तोंड उघडलं. एक आलं, दोन आली, मग सगळीच. नंदकुमारनेही एकदाचा पेढा गिळला.

"बोल आता, काय बोलाचा ता," जानकीबाई म्हणाली आणि तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

सोमवारी ऑर्डर निघाली. उमेदवाराच्या गुणांच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: मितभाषी.