निवडीआधीचं अभिनंदन

वाल्मिक विशेने आयुष्यात पहिल्यांदा फेसबुकवर काही लिहिलं, ते म्हणजे "इंटरेस्टेड सर". पुतण्या सूरज शेजारी बसून बोट कुठे ठेवायचं ते दाखवत होता. 'शहापूर-मुरबाड नोकरी कट्टा' नावाच्या ग्रुपवर मुरबाडच्या एका पॅकिंग कंपनीची जाहिरात आली होती. स्टोअर असिस्टंट पाहिजे, अनुभवी माणसाला प्राधान्य. खाली दोन्ही तालुक्यांतल्या रिकाम्या पोरांनी "इंटरेस्टेड सर"ची रांग लावली होती. वाल्मिकही त्या रांगेत उभा राहिला.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. आता वाट बघायची."

"अर्ज नाय, सही नाय, काय नाय?"

"काका, जमाना बदललाय."

वाल्मिकला अनुभव होता. आसनगावकडच्या एका कारखान्यात त्याने अर्धं आयुष्य स्टोअर सांभाळलं होतं. दिवाळीनंतर मालकाने कारखाना गुजरातला हलवला आणि वाल्मिक किन्हवलीजवळच्या आपल्या गावात घरी बसला. मेहुण्याने भिवंडीच्या गोदामात काम बघून ठेवलं होतं, पण तिथे एका खोलीत सात जणांनी राहायचं आणि पंधरा दिवसांनी घरी यायचं. मुरबाडचं तसं नव्हतं. सरळगावमार्गे मोटरसायकलवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. हातपाय धुवायचे, संजीवनीने वाढलेलं जेवायचं आणि पडवीत बसून तिच्याशी गावच्या चार गोष्टी बोलायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोशिवाय वाल्मिकला करमत नसे. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. मेहुण्याला तो फक्त "चार दिवस थांब" एवढंच म्हणाला होता.

शुक्रवारी कंपनीचा मेसेज आला : सोमवारी अकरा वाजता इंटरव्ह्यूला या. खाली नाव होतं, मिताली, मॅनेजर. ज्यांना सर म्हटलं त्या मॅडम निघाल्या, म्हणून वाल्मिक जरा ओशाळला. सूरजने मात्र लगेच विचारलं, "काका, तुमचा एखादा चांगला फोटो हाय का?"

मॅडमना पाठवायचा असेल असं समजून वाल्मिकने फोन त्याच्या हातात दिला.

सूरज मोबाइलवर बॅनर बनवायचा. वाढदिवस, बारसं, दहावीचा निकाल, कबड्डीची ढाल, गावात म्हैस व्याली तरी सूरजचा बॅनर तयार असे. हे सगळे बॅनर आदेश वेखंडेच्या नावाने निघत, कारण आदेशला यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. शनिवारी सकाळी चहा पिताना संजीवनीने वाल्मिकसमोर फोन धरला. अर्ध्या बॅनरवर गॉगल लावलेला आदेश होता. एका कोपऱ्यात नारळाच्या चित्राशेजारी वाल्मिक होता आणि वर लिहिलं होतं, "वाल्मिकदादा विशे यांची मुरबाड येथील नामांकित कंपनीत स्टोअर मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

वाल्मिक चहा टाकून तसाच सूरजच्या घरी गेला.

"सूरज, अरे निवड कुठे झालीये?"

"होणारच ना, काका. निवड झाल्यावर सगळेच टाकतात. आधी टाकणाऱ्याला व्हॅल्यू हाय."

"आन् मॅनेजर कुठून काढलास?"

"असिस्टंट लिवलं होतं. आदेशभाऊ बोलला, एवढ्याशा पोस्टला माझा फोटो कशाला लावतोस."

"काढ आधी तो."

"माझ्याकडचा काढतो. पण लोकांनी पुढे पाठवलाय तो कसा काढू?"

वाल्मिक घरी परतला तर पडवीत उपसरपंच धाऊशेठ बसलेले. त्यांनाही पुन्हा निवडून यायचं होतं. चेहरा असा, की वाल्मिकने घाबरून पाणी आणायला सांगितलं.

"वाल्मिक, तुझ्या बापाच्या टायमापासून आपला घरोबा," धाऊशेठ म्हणाले, "आन् शुभेच्छुकांत माझा फोटो नाय?"

"शेठ, मी नाय बनवला तो. आन् खरं सांगू का, नोकरी अजून..."

"असू दे, असू दे. आमी आमचा बनवतो."

दुपारपर्यंत धाऊशेठांचा बॅनर आला. त्यात "धाऊशेठ यांच्या अथक प्रयत्नांना यश" होतं आणि वाल्मिकच्या पदातून स्टोअर गळून नुसता मॅनेजर उरला होता. हे आदेशला कसं खपावं? संध्याकाळी त्याने वाल्मिकला जनरल मॅनेजर केलं. पुढे सूरजच्या फोनचं चार्जिंग संपलं, नाहीतर रविवार उजाडायच्या आत कंपनी वाल्मिकच्या नावावर झाली असती.

रविवारी माणसं यायला लागली. कुणी भाच्यासाठी, कुणी जावयासाठी. गोदूमावशी मुलाचा बायोडाटा आणि एक गावठी कोंबडा घेऊन आली.

"पोराला कुठे पण लाव रे. गेटवर लाव."

"मावशी, मीच अजून लागलो नाय."

"कळतं मला. आता तुला शंभर जण सांगणार, तू किती जणांचं करशील?" असं म्हणून तिने कोंबडा पडवीच्या खांबाला बांधला आणि निघून गेली. तो दिवसभर कुणीही आलं की आरवत राहिला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर सत्कार ठेवलेला होता. तो कुणी ठेवला यावर दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं नाही, म्हणून वाल्मिकच्या अंगावर दोन शाली पडल्या. उकाड्याने घामाघूम झालेल्या वाल्मिकने मनाचा हिय्या केला आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, खरं सांगतो. मला नोकरी लागलेली नाय. उद्या नुसता इंटरव्ह्यू हाय."

सगळे गप्प झाले. वाल्मिकला हायसं वाटलं. तेवढ्यात धाऊशेठांनी माइक काढून घेतला.

"बघा! एवढा जनरल मॅनेजर झाला, तरी पाय कसे जमिनीवर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आदेशने शिट्टी मारली. वाल्मिकने हात टेकले.

सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालताना त्याने गुंड्या एक घर चुकवून लावल्या. "मॅडमनी बघितलं असेल तर?" त्याने विचारलं.

"तर जे हाय ते सांगा," संजीवनी म्हणाली. "चोरी थोडीच केलीये तुमी?"

कंपनीत तो वेळेवर पोचला. बाहेरच्या बाकड्यावर त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. साडेअकराला मिताली मॅडमनी त्याला आत बोलावलं. चाळिशीच्या आतबाहेरची, केस घट्ट बांधलेली, जास्त न बोलणारी बाई.

"पाच जणांना बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे चार कुठे गेले?"

त्यांनी त्यातल्या एकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, जागा भरली ना?" पलीकडून आवाज आला.

"कुणी भरली?"

"ग्रुपवर आलंय ना. कोण तरी विशे हाय. आता तर जनरल मॅनेजर झालाय बोलतात. मंग आमी कशाला पेट्रोल जाळू?"

मॅडमनी फोन ठेवला आणि समोर पाहिलं. "विशे तुम्हीच ना?"

"हो, मॅडम."

त्यांनी ग्रुप उघडला. त्यांच्याच जाहिरातीखाली आदेशचा बॅनर डकवलेला होता. मॅडमनी तो बोटांनी मोठा केला.

"हे गॉगलवाले कोण?"

"आदेश. तो इलेक्शनला उभा राहतोय."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"मी हा, खाली. नारळाच्या बाजूला."

"पिवळे का दिसताय?"

"हळदीतला फोटो हाय, मॅडम. साडूच्या पोराची हळद होती."

"आणि जनरल मॅनेजर कुणी केलं तुम्हाला?"

"गावाने."

मग वाल्मिकने सगळं सांगितलं. आदेश, धाऊशेठ, दोन शाली, कोंबडासुद्धा. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मालाची आवक कशी लिहिता, खराब माल परत कसा पाठवता, असं थोडंफार विचारलं. वाल्मिकने सांगितलं. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"स्टोअरला माणूस नाही आणि ट्रक दारात उभा आहे," मॅडम म्हणाल्या. "आलात तुम्ही एकटेच, तेव्हा निवडू तरी कुणाला? आजपासून सुरू करा. पण एक सांगून ठेवते. यापुढे कंपनीचं नाव घालून असलं काही आलं, तर त्याच दिवशी तुमची सुट्टी. कायमची."

संध्याकाळी वाल्मिक घरी आला तो मोटरसायकलची चावी काढायचंही विसरला. "लागली!" तो दारातूनच ओरडला.

संजीवनी भाकरी थापत होती. तिने पिठाच्या हातानेच कपाळावर आलेले केस मागे सारले. "मंग भिवंडी नाय ना?"

"नाय."

"रोज घरी येणार?"

"रोज."

ती पुन्हा तव्याकडे वळली, पण त्या संध्याकाळी भाकरी करपली. आजवर वाल्मिकला वाटायचं, करमत नाही ते फक्त आपल्यालाच. भाकरीचा काळा भाग काढून टाकताना त्याला कळलं की तसं नव्हतं, आणि त्याला फार बरं वाटलं.

गावात मात्र कुणाला काही वाटलं नाही. त्याने ज्याला ज्याला "नोकरी लागली" म्हणून सांगितलं, तो म्हणाला, "ती तर शनिवारीच लागली ना." खरी बातमी दोन दिवस शिळी निघाली. ज्या नोकरीसाठी दोन शाली आणि एक कोंबडा आला, ती मिळाल्यावर कुणी साखरही विचारली नाही. वाल्मिकची त्याला काही हरकत नव्हती.

हरकत घेण्यासारखं बुधवारी घडलं. गावातला एक टेम्पोवाला माल घेऊन त्या कंपनीत गेला. तिथे त्याला निळा युनिफॉर्म घालून बॉक्स मोजणारा वाल्मिक दिसला. संध्याकाळी वाल्मिक गावात शिरला तेव्हा नाक्यावरची माणसं बोलायची थांबली. घरी चुलती धोंडीबाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

"ऐकलं रे वाल्मिक. तीन दिवसांत खाली उतरवलं तुला."

"काकी, मला कुणी उतरवलं नाय. मला पायजे तीच नोकरी मिळाली."

"असंच बोलायचं असतं रे. हातपाय धड हायेत ना? मंग झालं."

एकामागून एक माणसं आली. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी म्हणालं जेवण सोडू नकोस. संजीवनी चहा करून थकली. शेवटी सूरज आणि आदेश आले, आणि त्यांच्यामागून चक्क धाऊशेठ. गावावरच्या संकटात दोन पार्ट्या एक झाल्या होत्या.

सूरजने फोन पुढे केला. लाल अक्षरं होती. "भूमिपुत्रावर अन्याय! जनरल मॅनेजर वाल्मिकदादा विशे यांना पदावरून हटवणाऱ्या कंपनीचा जाहीर निषेध! शुक्रवारी कंपनीच्या गेटवर धडक मोर्चा!" कंपनीचं नाव तर सगळ्यांत मोठं.

"टाकला नाय अजून," सूरज म्हणाला. "तुमाला विचारून टाकू म्हटलं. मागच्या वेळी तुमी ओरडलात."

"मी सरळगावच्या नाक्यावर रास्ता रोको लावतो," धाऊशेठ म्हणाले.

वाल्मिकच्या तोंडचं पाणी पळालं. समजावून सांगावं, तर ते देवळासमोर माइकवरून सांगून झालं होतं. मॅडमचं कायमच्या सुट्टीचं बोलणं आणि भिवंडीची खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. 

"यांना कुणी हटवलं नाय," दारातून संजीवनी म्हणाली. "यांनी स्वतःहून सोडलं."

सगळे वाल्मिककडे वळले. वाल्मिक संजीवनीकडे बघत होता, कारण त्यालाही हे आत्ताच कळत होतं. ती चहाचे रिकामे कप उचलून आत निघून गेली.

"सोडलं?" आदेशने विचारलं. "जनरल मॅनेजरपद?"

"हो," वाल्मिक म्हणाला. "सोडलं."

"का पण?"

"तिथे एक बाई हायेत. लांब कल्याणवरून येतात रोज. त्यांना जास्त गरज होती. म्हटलं, घ्या तुमी."

जे पद कधी मिळालंच नव्हतं त्याचा राजीनामा देऊन वाल्मिक मिळालेली नोकरी वाचवत होता.  धाऊशेठांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आपल्या गावात आजपर्यंत कुणी पद सोडलंय का रे?" त्यांनी विचारलं. आदेशने नजर वळवली, कारण त्याचे वडील आणि धाऊशेठ या दोघांनाही कधी ना कधी खुर्चीवरून उठवायला तहसीलदारांना यावं लागलं होतं. मोर्चा तिथेच बारगळला. सूरजचा अंगठा मात्र फोनवर फिरायला लागला होता.

"सूरज," वाल्मिक हात जोडून म्हणाला, "कंपनीचं नाव टाकू नकोस रे. तुला माझ्या गळ्याची शपथ."

"नाय टाकत, काका."

दुसऱ्या दिवशी वाल्मिक कामावर पोचला, तर शिपाई गेटवरच उभा. मॅडमनी बोलावलंय. वाल्मिक डबा हातात घेऊनच केबिनमध्ये गेला. परत पाठवलं तर डब्यासाठी पुन्हा आत यायला नको, असा त्याने विचार केला होता. टेबलावर फोन उघडा पडलेला. त्यात नारळाशेजारी पिवळा वाल्मिक होता आणि वर लिहिलं होतं, "गरजू भगिनीसाठी जनरल मॅनेजरपदाचा त्याग करणारे त्यागमूर्ती वाल्मिकदादा विशे!" खाली शुभेच्छुक म्हणून पहिल्यांदाच आदेश आणि धाऊशेठ एका ओळीत होते.

"कंपनीचं नाव नाय त्यात, मॅडम," वाल्मिक घाईघाईने म्हणाला.

"तेच दोन वेळा बघितलं," मॅडम म्हणाल्या. "भगिनी म्हणजे मीच ना?"

वाल्मिकने मान खाली घातली. "हो, मॅडम."

मॅडमनी फोन पालथा ठेवला. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर नीट हात ठेवले, एकदा मागे टेकून बघितलं आणि म्हणाल्या, "खुर्ची चांगली आहे. थँक्यू."

वाल्मिकने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आता तुमच्याकडे जे उरलंय ते मात्र कुणाला देऊन टाकू नका," मॅडम म्हणाल्या. "जा, ट्रक आलाय. बॉक्स मोजून घ्या."