हातोहात दिलेला विळा

अर्पिताच्या साखरपुड्याची तारीख, गोवऱ्यांवर कणकेचे गोळे भाजून होणाऱ्या रोडग्यांच्या पार्टीत ठरणार होती. दिग्रसजवळच्या रानात दोन्ही घरं जमली. "कापाकापीचं सामान माझ्याकडे," असं होणारे व्याही नागोराव यांना कळवून, मुलीचे वडील वामनराव महिनाभर मोबाइलवर सुऱ्यांचा अभ्यास करत होते. शेवटी घरी आली ती बारा हत्यारं पोटात असलेली घडीची सुरी. नागोरावांनी ती न्याहाळली आणि स्वतःचा विळा कमरेला खोचला.

बायका चुलीशी राहिल्या. हे दोघं जवळच पत्रावळीसाठी पळसाची पानं तोडायला गेले. वामनराव घसरले ते थेट चिलाटीच्या काटेरी जाळीत अडकले. वर पाहतात तर झाडाला आग्या मोहोळ. चुलीचा धूर सावकाश तिकडेच निघालेला.

"हालू नोका, इवाई," नागोराव कुजबुजले. "काढा ती तुमची सुरी."

वामनरावांनी नख तुटेपर्यंत ओढाताण केली. बाटलीचं झाकण उघडायचं निघालं, दातकोरणं निघालं. पातं निघेना.

"तुमचा विळा द्या न!"

नागोरावांनी विळा जमिनीवर ठेवला.

"खाली कायले ठेवता? मले वाकता येते काय?"

"लोखंड हातोहाती देत नसते. भांडण होते. सोयरीक मोडन न!"

"मंग तुमीच कापा!"

"माझा हात तुमच्या हातालोकच पुरते, जाळीलोक नाही."

एक माशी वामनरावांच्या नाकावर बसली. नागोरावांनी डोळे मिटले आणि विळा हातात दिला. दोन घावांत वामनराव सुटले. पण दोघांचेही चेहरे उतरले.

"आता?"

"आता भांडूनच घेऊ. इथंच. लग्नालोक शिल्लक नोको."

"कायच्यावर?"

"तुमच्या त्या दातकोरण्यावर."

"सुरीले काही म्हणू नोका! तुमच्या विळ्यानं लोणी तरी कापते काय?"

मोहोळाखाली आवाज चढवायची सोय नव्हती. त्यामुळे दातओठ खात, हात नाचवत, पाच मिनिटं त्यांनी अगदी कुजबुजत कडाक्याचं भांडण केलं. मग एकमेकांना तंबाखू दिली, पानं उचलली आणि हलक्या मनानं परतले.

चुलीशी वामनरावांची बायको कोकिळा आणि नागोरावांची सुखीबाई कमरेला पदर खोचून समोरासमोर उभ्या होत्या. लांबून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"तुमच्या मालकानं आमच्या मालकावर विळा काहून उगारला?" कोकिळा कडाडली.

"तुमचेच मालक हात नाचवून राह्यलते!"

मोहोळाची त्यांना कल्पना नव्हती. आवाज टेकडीपल्याड जात होता. दोन्ही व्याह्यांनी मागं वळून पाहिलं. काळं पोळं हळूच उकलत होतं.

तारीख ठरली, ती धावता धावता.

"येता बुधवार?"

"चालते! पळा!"