दगडूतात्यांचं यंत्र

आमच्या शेजारच्या दगडूतात्यांनी म्हशीसाठी गजराचं घड्याळ आणलं होतं. दूध वेळेवर मिळावं म्हणून. पहाटे गोठ्यात घंटा घणघणली, म्हशीनं दावं तोडलं आणि पुढं काही दिवस ती कासेला हात लावू देईना. तात्यांनी दोष म्हशीला दिला. "येंत्र खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा पौडच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पुढचं सगळं तात्यांनी स्वतःच चारचौघांत सांगितलं, म्हणून मी लिहितोय.

एका दुपारी रोगी पांगल्यावर ते आले आणि डॉक्टरांना हळूच म्हणाले, "जू वाकडं झालंय." डॉक्टरांनी त्यांना सुताराकडे जायला सांगितलं. तात्या हलेनात. पटक्याचं टोक चाळवत म्हणाले, "माझं सवताचं, डागदर."

बैलाची लाथ जांघेत बसली होती. दुखणं गेलं, पण आत गाठ धरली. अवयव वाकला आणि आखडलाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जिवाला धोका नाही, पण कापाकापी करून सरळ होईलच याची खात्री देता येत नाही. बायकोला मात्र विश्वासात घ्या. तात्यांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. कापायचं नाही, म्हणजे यंत्र असणार.

आणि ते होतंच. पुण्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर, पाटीवर सिंह रंगवलेल्या वैद्यराजांनी त्यांना काचेची नळी, रबरी फुगा आणि स्प्रिंगांचा पट्टा दिला. नळीनं हवा ओढली की गेलेलं माप परत येतं, पट्ट्यानं बाक जातो, अशी हमी. वैद्यराज स्वतः बरेच पोक काढून बसले होते, पण ते तात्यांच्या नजरेत आलं नाही.

घरी त्यांनी हा फवारणीचा पंप असल्याचं सांगितलं. लगेच शेजारचा कोंडिबा वांग्यांसाठी तो मागायला आला. "तुझ्या वांग्यांस्नी झेपायचा न्हाई," म्हणून तात्यांनी त्याला घालवलं. तात्या चिकट झाले, असं गावानं ठरवलं. यंत्राची सोय म्हणून तात्यांनी अंथरूणही गोठ्यात नेलं.

थोड्याच दिवसांत ते सुजून, काळेनिळे होऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी यंत्र बंद करायला लावलं. "येंत्र बराबर हाय," तात्या म्हणाले, "अंगच ऐकत न्हाई."

सूज उतरली, तरी ते गोठ्यातच झोपत राहिले. बायकोच्या, म्हणजे चंद्राकाकूंच्या, जिभेला कंटाळून तात्या घराबाहेर पडले, अशी कुजबुज सुरू झाली. थोरल्या दिरांनी काकूंच्या भावाला बोलावून घेतलं आणि बहिणीला घेऊन जायला सांगितलं. ओटीवर माणसं जमली. काकू लुगडी गाठोड्यात बांधत होत्या.

तात्या गोठ्यातून आले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. "तिचं काय बी चुकल्यालं न्हाई," ते म्हणाले. "बैलाच्या लाथंनं मी निकामी झालोय. लाजंपायी तितं पडत हुतो."

कुणी हसलं नाही. थोरले उठून पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेले.

काकूंनी गाठोड्याची गाठ सोडली.

"येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी नकोशी झाले."