ओसरीवरची पाहुणी

राहुरीजवळच्या एका शेतावर पंकजानं जुनी घरं जपली होती. कुणी मातीचं घर पाडायला काढलं की ती टेम्पो घेऊन पोचायची. खांब, तुळया, दारं उतरवून आणायची आणि शेतात तसंच घर पुन्हा उभं करायची. रविवारी लोक ती बघायला येत.

त्या रविवारी मात्र मिरजगावच्या मुक्ताबाई मुलाला, करणला घेऊन आल्या, त्या मुलगी बघायला. मुलीच्या वडिलांनी, मच्छिंद्ररावांनी, फोनवर "रस्त्याला लागून जुनं घर" एवढंच सांगितलं होतं.

नऊवारी नेसलेली पंकजा पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर आली. "बसा. निवांत बघा, काय विचारायचं ते विचारा."

पोरगी मोकळी आहे, मुक्ताबाईंना बरं वाटलं. "घरात मानसं किती?"

"एरवी कुणीच नाही. सुट्टीला शंभरेक होतात."

"आन् सैपाक?"

"छे! चूल नुसती दाखवायला. पेटवतच नाही."

मुक्ताबाईंनी करणला कोपरानं ढोसलं. करणनं धीर केला. "पुढंमागं स्लॅब टाकायचा इचार?"

"मी असेपर्यंत या घराला सिमेंट लागणार नाही!" पंकजा कडाडली. मग जरा नरमली. "तुमच्याकडं जुनं काही असलं तर सांगा. मी उचलून आणते, ओरखडासुद्धा उठणार नाही."

"आमच्याकडं आज्जी हाय फकस्त," करण घाबरत म्हणाला.

तेवढ्यात मुक्ताबाईंचा फोन वाजला. "आवं, पव्हं गार झालं! हायेत कुठं तुमी?" मच्छिंद्ररावांचा आवाज ओसरीभर ऐकू आला. सगळा उलगडा झाला आणि पंकजा हसत हसत पायरीवरच बसली.

मच्छिंद्ररावांचं घर उसापलीकडं होतं. पाहुणे पुन्हा चुकायला नकोत म्हणून तेच बायकोला, लेकीला आणि पोह्यांच्या पातेल्याला घेऊन बांधानं आले. झालेला प्रकार ऐकून त्यांची सृष्टी खळखळून हसली. करणही लाजत हसला.

"तुमची चूल पेटती ना?" त्यानं विचारलं.

"पेटती. पन माझ्याकडून दूध उतू जातं."

"मी बघीन की दुधाकडं!"

मुक्ताबाईंनी आणखी काही विचारलंच नाही. तिथंच सृष्टीची ओटी भरली.

एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. अंगणात घरं बघायला आलेल्यांची गर्दी जमली होती. सगळ्यांचे मोबाईल वर. त्यांतल्या एक बाई पुढं होऊन पंकजाला म्हणाल्या,

"पुढचा खेळ कधी हो? नवरामुलगा जरा जास्तच लाजतो, बाकी सगळ्यांची कामं झकास!"