अखेरचा खंड, मुदतीआधी

संस्थेच्या वार्षिक अहवालात, पान सत्तावीसवर, ठळक अक्षरांत एक वाक्य आहे : ‘कामसूची-प्रणालीमुळे अवजारकोशाचा अखेरचा खंड नियोजित मुदतीच्या एकोणीस दिवस आधी प्रकाशित झाला.’ या वाक्यात खोटे काहीही नाही. खंड आहे, तो अखेरचाच आहे, त्याला कापडी बांधणी आहे, पाठीवर सोनेरी अक्षरे आहेत आणि त्याच्या आठशे प्रती आहेत. आत कोश तेवढा नाही!

कोश होता संपादकांच्या खोलीत, एक्केचाळीस लाकडी खणांत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी यांच्या हत्यारांची नावे, एका चिठ्ठीवर एक, अशी बावीस वर्षे साठवलेली. तीन खंड निघाले होते. ‘र’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा चौथा शेवटच्या तपासणीसाठी थांबला होता, आणि संस्थेचा ठराव स्वच्छ होता : चौथा खंड निघाला की कोशविभाग बंद, चिठ्ठ्या रद्दीत. म्हणजे आधी छपाई आणि मग रद्दी, एवढा क्रम सांभाळला की संपादकांच्या आयुष्याचे सार्थक होणार होते.

अशा वेळी नव्या संचालकांनी प्रणाली आणली.

“डोक्यात काही ठेवायचं नाही, सर! डोक्यातलं सगळं यादीत!”

“मग डोक्यात काय ठेवायचं?”

“शांतता!”

“दोन लाख चिठ्ठ्या लावल्यात मी,” संपादक म्हणाले. “आठ दिवस द्या. तुमची प्रणालीच माझ्याकडे शिकवणीला येईल.”

त्यांनी पहिल्या दिवशी एकच काम नोंदवले : ‘अखेरचा खंड पूर्ण करणे.’ दुसऱ्या दिवशी ते लालभडक झाले होते आणि खाली सूचना होती, ‘काम फार मोठे आहे. तुकडे करा.’ विद्वान माणूस तुकडे करू लागला की थांबत नाही. दर चिठ्ठीचे काम वेगळे झाले. मग चिठ्ठी काढणे, वाचणे, तपासणे, परत ठेवणे अशी चार कामे झाली. वाचण्यासाठी चष्मा शोधणे आले. तो शोधण्यासाठी बायकोला विचारणे आले, आणि आदल्या दिवशी तिच्यावर ओरडल्यामुळे त्याआधी तिची माफी मागणे आले. प्रणालीने संबंधित व्यक्तीचा फोन क्रमांक मागितला. संपादकांनी तोही भरला.

सहाव्या दिवशी बायकोचा फोन आला.

“अहो, तुमच्या संस्थेतून निरोप आलाय. ‘माफी तीन दिवस थकीत.’ कुणाची माफी?”

“तुझी.”

“मग मागा की!”

“आधीची सतरा कामं राहिलीत गं!”

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. संपादकांनी अठरावे काम नोंदवले.

महिनाअखेर यादीत चार हजार तीनशे बारा कामे होती आणि तपासलेल्या चिठ्ठ्या नऊ! सोमवारच्या बैठकीत संचालकांनी ती यादी भिंतीवर दाखवली. रुग्णाच्या तापाच्या तक्त्यासारखी ती वरपासून खालपर्यंत लाल होती.

“आमच्या भांडारपालांकडे बघा! ‘टाचण्या मागवणे’, प्रकल्प पूर्ण!”

भिंतीवर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि तुतारी वाजली. भांडारपाल टाचण्यांची एकेक डबी वेगळी मागवत, त्यामुळे त्यांच्या खोलीत रोजच तुतारी वाजे.

“सर, तुमच्या खोलीत कधी वाजणार?” संचालकांनी विचारले. सगळे हसले. संपादकांनी चष्मा पुसला.

प्रत्येक प्रकल्पाला फाइल जोडलीच पाहिजे, असाही नियम होता. खण संगणकात कसे जोडायचे? “सर, काहीतरी जोडा, नाहीतर रोज ताशेरे येतील,” उपसंपादिकाबाई काकुळतीने म्हणाल्या. संपादकांनी आपली कामांची यादीच जोडली. पुढचा नियम कोणी वाचला नव्हता : प्रकल्पापुढे ‘पूर्ण’ची खूण झाली की जोडलेली फाइल परस्पर छापखान्यात जाई.

एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, अखेरच्या खंडापुढे खूण झाली.

तीन आठवड्यांनी छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. “साहेब, आठशे प्रती पाठवल्यात. काय पुस्तक लिहिलंय! आमची सगळी पोरं थांबून वाचत होती. शेवटी मागितली का माफी?”

संपादकांनी कापडी बांधणी उघडली. ‘१. रंधा : चिठ्ठी काढणे. २. रंधा : चिठ्ठी वाचणे. ३. चष्मा शोधणे.’ ते खुर्चीत बसले, तोच गोण्या घेऊन दोन हमाल दारात उभे राहिले.

“खण रिकामे करायचेत. आमच्या यादीत आजची तारीख आहे.”

“हात लावू नका!”

“साहेब, नाही केलं तर आम्ही लाल होतो.”

संपादक धावत संचालकांकडे गेले. “हा कोश नाही! प्रती मागे घ्या, गोण्या थांबवा!”

“पूर्ण झालेलं काम प्रणालीत पुन्हा उघडत नाही,” संचालक शांतपणे म्हणाले. शांतता त्यांनी डोक्यात साठवलीच होती. “एकच वाट आहे. खूण करणाऱ्याचा लेखी खुलासा जोडायचा. कुणी केली?”

संपादकांनी चष्मा पुसला.

“तर मग उपसंपादिकाबाईंनी. त्यांची नेमणूक तशीही हंगामीच आहे.”

“मी?” दारात उभ्या असलेल्या बाई आत आल्या. “सर, मी जेवायला गेले होते! तुम्हीच म्हणालात ना, आज सावकाश या म्हणून?”

जिन्यावरून गोण्या घसरत नेल्याचा आवाज येत होता. एक, दोन, तीन… संपादकांनी कागद ओढला.

खुलासा जोडला गेला, तेव्हा हमाल सव्विसाव्या खणापाशी होते. उरलेले पंधरा खण वाचले. बाईंची नोकरी वाचली. पान सत्तावीसवरचे वाक्य मात्र पुन्हा उघडत नव्हते, म्हणून ते तसेच राहिले. खुलासा त्याच अहवालाच्या परिशिष्टात, भिंग लावून वाचावा अशा बारीक टायपात आहे. तो शब्दशः असा :

“अखेरच्या खंडापुढे ‘पूर्ण’ची खूण मीच केली. उपसंपादिकाबाईंचा यात काही संबंध नाही. हात चुकून लागला, असंही मी म्हणत नाही. बावीस वर्षांत तीन खंड निघाले, पण पूर्ण असं माझं काहीच झालं नव्हतं. टाचण्यांसाठी वाजते ती तुतारी एकदा माझ्या खोलीत वाजलेली मला ऐकायची होती. ऐकून लगेच खूण पुसणार होतो. पण संगणकाचा आवाज बंद होता. तो सुरू कसा करायचा हे शोधण्यात सुट्टी संपली आणि खूण पुसायची राहिली. तुतारी ऐकू आली नाही.”