घर क्रमांक ४१७/अ, कडुनिंबाची फांदी

या मायबापहो, थोडं पुढं सरकून बसा. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, देवालाही हसरी माणसंच आवडतात.

आष्टीपासून दोन कोसांवरच्या आपल्या गावात अंगणवाडीच्या टिनाच्या छपरावर झुकलेली कडुनिंबाची जाड फांदी चिरली होती. खाली बावीस लेकरं खिचडी खात. पंचायतीनं झाडं कापणाऱ्या हेमराजला लेखी आदेश दिला : 'धोकादायक फांदी तोडणे.' हेमराज कमरेला दोर बांधून चढला आणि चढला त्याच्या दुप्पट वेगानं उतरला. फांदीला घागरीएवढं गांधीलमाश्यांचं पोळं लटकत होतं.

“साहेब,” तो ग्रामसेवक कैलासरावांना म्हणाला, “दिवेलागणीले साऱ्या माश्या घरात येतात. धूर देतो, ओलं पोतं चढवतो, फांदी कापतो. घंटाभराचं काम हाये.”

“आदेशात पोळं कुठे आहे?”

“आदेशात नाई. झाडावर हाये.”

“म्हणजे तू आदेशाबाहेर जाणार!”

कैलासराव सज्जन माणूस, वर विचारल्याशिवाय शिंकणारही नाही असा. त्यांनी वन, कृषी, आरोग्य अशा तीन कार्यालयांना पत्रं लिहिली. एकानं कळवलं, हा जीव आमच्या यादीत नाही. दुसऱ्यानं कळवलं, पोळं पिकावर असतं तर पाहिलं असतं. तिसऱ्यानं कळवलं, रुग्ण निर्माण झाल्यावर संपर्क साधावा.

मग कैलासरावांनीच तोड काढली. अतिक्रमण हटवता येतं. पण हटवायचं तर आधी ते नोंदीवर हवं. पोळ्याची नमुना आठमध्ये, म्हणजे गावातल्या घरांच्या वहीत, नोंद झाली, क्रमांक पडला ४१७/अ, पत्र्याची पाटी आली. ती ठोकायला आणि पंधरा दिवसांची नोटीस बजावायला हेमराजच चढला. भोगवटादाराला, म्हणजे माश्यांना, वाचता येत नसल्यामुळे नोटीस मोठ्यानं वाचणं भाग होतं. 'आपणांस कळविण्यात येते की' एवढं झालं आणि तीन माश्यांनी डाव्या गालावर उत्तर दिलं. सुजलेल्या गालाचा फोटो पोच म्हणून फायलीला लागला.

“काऊन गा हेमराज, लय आग होऊन राह्यली काय?” चुना लावत कोकिळाबाईंनी विचारलं. अंगणवाडी त्यांच्याच हाताखाली.

“गालाचं सोडा वो बाई. काल त्या चिरेत बोट जात होतं, आज मूठ जाते. लेकरं देवळात बसवा ना.”

“बसवली असती रे! पण वर पाठवायले खिचडीचा फोटो याच जागेचा लागते.”

पंधरा दिवस सरले. ग्रामसभेत कैलासरावांनी ठराव वाचला : 'घर क्रमांक ४१७/अ यांस बाजू मांडण्याची संधी द्यावी, सुनावणी पुढील महिन्यात, तोवर बांधकामास कोणी हात लावू नये.' आपल्याला सप्त्याच्या कीर्तनाला पोचायची घाई होती. हात पटापट वर गेले. हेमराज उठून म्हणाला, “अन् फांदीले कोण सांगन, पुढच्या महिन्यात पड म्हणून?” खूप हसलो आपण. मोठा गमत्या माणूस!

त्याच सांजेला, आपण मंडपात डोलत असताना, तो चढला. धूर दिला, पोतं चढवलं, तोंड आवळलं, आरी चालवली. बुंध्याला दोराचे वेढे घालून टोक धरायला खाली एकट्या कोकिळाबाई. पाळण्यात लेकरू ठेवावं तशी फांदी त्यांनी अंगणात उतरवली, अन् पोळ्याचं पोतं हेमराजनं रातोरात गावाबाहेर नेलं. सकाळी बावीस लेकरं तिच्यावर घोडा-घोडा करत होती.

तिथंच पंचनामा झाला. नोंदणीकृत घर विनापरवाना पाडल्याबद्दल हेमराजला गावात कुऱ्हाड लावायची बंदी. कैलासरावांनी साक्षीदार बोलावले.

“घर होतं की नाही?”

“होतं जी. पाटी होती ना.”

“आता आहे?”

“नाई.”

“मग करा सही.”

खोटं एक अक्षर नव्हतं. घोड्यावर बसलेल्या लेकरांच्या बापांनी सह्या केल्या, आजोबांनी केल्या. खालून तिसरी माझी आहे, आणि तिच्याखाली कोणाची, ते आपण एकमेकांकडे न बघताच ओळखू.

तेव्हा मायबापहो, मागणं एवढंच. आरतीला डोळे मिटाल, तेव्हा हेमराजची आठवण ठेवा. उघडे होते, तेव्हा आपल्याला सहीची जागा तेवढी दिसली.