निळ्या गाडीचे टायर

नरसिंगमामा मोटारींची शर्यत बघत नाहीत, ऐकतात. टीव्हीसमोर डोळे घट्ट मिटून बसतात, उजवा कान पुढे काढतात आणि मध्येच ओरडतात, "पिवळीचा तिसरा गिअर रडतोय!" दोन फेऱ्यांत पिवळी खरंच मागे पडते. बस डेपोत तीस वर्षं फोरमन होते ते. फाटकातून बस आत वळली की चहाच्या बशीतून डोकं न काढता सांगायचे, "मागचं डावं चाक. हवा कमी." ड्रायव्हर सकाळी काय खाऊन आला आणि घरून भांडून आला की कसा, हेही इंजिनावरून सांगायचे म्हणे. भांडणाचं मी घातलंय. बाकी सगळं खरं.

हैदराबादेत बरकतपुऱ्यात त्यांच्या-माझ्या घरात एकच भिंत. शर्यतीच्या रविवारी मामा ओरडले की आमच्या फडताळातल्या वाट्या जागा बदलतात. काचीगुडा स्टेशनात उभी असलेली आगगाडी सिग्नल मिळाला समजून सुटते.

शर्यतीत निळी गाडी मामांची, पिवळी शांतामामींची. मामींनी पिवळी का निवडली? तर रंग हळदीचा म्हणून. अकरा वर्षांत याहून तांत्रिक कारण त्यांनी दिलं नाही, आणि जिंकत मात्र त्याच आल्या. ज्याची गाडी मागे, त्याने सुलतान बाजारातून मिरची भजी आणायची आणि जिंकणारा खाईस्तोवर बशी धरून उभं राहायचं, असा घरचा कायदा. मामांचं अर्धं आयुष्य बसखाली गेलं, उरलेलं बशीखाली.

पण माघार नाही! निळी हरली की त्यांचं ठरलेलं, "अभी टायरां गरम नै हुए!" हे वाक्य त्यांना कुठेही चालतं. पुतण्याच्या लग्नात नवरदेव घाबरून मंगलाष्टकांतच खाली बसला, तेव्हाही भटजींना हेच सांगितलं. त्यावर मामींचं उत्तरही ठरलेलं, "टायर थंडच आहेत हो, डोकं गरम झालंय तुमचं!" भिंतीपलीकडून आम्ही दोघं नवराबायको हे उत्तर त्यांच्याबरोबरच म्हणायचो.

संक्रांतीनंतर मामींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल. पण त्यांना स्वतःहून बोलावंसं वाटलं पाहिजे." मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली, गोड गोड बोलली, जुने फोटो दाखवले. मामी नुसत्या मान हलवायच्या. ज्या आवाजाबद्दल मी तीन वेळा तक्रार केली होती, तो ऐकायला मी आता भिंतीला कान लावून बसू लागलो. पलीकडे कुकरच्या शिट्ट्यांखेरीज काही नाही.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच शर्यतीत पिवळी पहिली. निळी शेवटून दुसरी, तीही धूर ओकत. मामा गल्लीत येऊन गरजले, "लिहून ठेवा, यंदा निळीच! धूर? अरे, तो धूर नव्हे, ताकद सांडतेय!" भाजीवाल्याने त्या दिवशी हसून हसून कोथिंबीर फुकट वाटली.

दुसऱ्या शर्यतीत निळी सुरुवातीच्या रेषेवरून हललीच नाही. "इंजिन राखून ठेवतेय," मामा म्हणाले. पिवळी पुन्हा पहिली, तर म्हणे, "पिवळी? कचऱ्याची घंटागाडी! उद्या भंगारात जाईल." आणि कहर म्हणजे भजी आणायला साफ नकार. "हरलो कुठे?" असं बोलून ते मामींच्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. मामींनी खिडकीकडे मान फिरवली. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "आधी मामींची वाचा गेली, आता मामांची अक्कल."

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडेच बसलो. पिवळी एवढी पुढे गेली, की मागच्या गाड्यांनी तिचा पाठलाग करण्याऐवजी तिला पत्र पाठवणं बरं. निळीने दोन फेऱ्यांत मान टाकली. मामा उठले, आतून रिकामी बशी आणली आणि मामींच्या हातात दिली.

"धर. माझ्या हिशेबी निळीच जिंकली, बशी तू धरायची. अभी टायरां गरम नै हुए."

मामींनी बशीकडे पाहिलं. मग मामांकडे. बशी टेबलावर अशी आपटली, की मीच दचकून उभा राहिलो. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले.

"डो... डोकं," मामी म्हणाल्या. "गरम. तुमचं."

भिंत हादरवणारा माणूस इतक्या हळू बोलला, की हातभर अंतरावरून मला जेमतेम ऐकू आलं. "हौ. अजून?"

"भजी... आणा!"

मामा चपलाही उलटसुलट घालून निघाले. मी स्कूटर काढली. सुलतान बाजारापर्यंत माझ्या शर्टाची पाठ भिजत गेली. हैदराबादचा उन्हाळा, असं मागे बसलेल्या मामांनी सांगितलं.

कढईपाशी मी म्हटलं, "मामा, काही म्हणा, पण यंदा निळी काही..."

"निळी?" मामा उसळले. "अरे, ती गाडी आहे का? खटारा! पहिल्या दिवशी सुरू झाली तेव्हाच आवाजावरून कळलं मला. वर्षभर वर येत नाही ती."

"मग ते सगळं? ताकद सांडतेय आणि घंटागाडी?"

मामांनी भजीवाल्याला हाक मारली, "मियाँ, दोन भजी बिनमिरचीची. तिला अजून तिखट गिळवत नाही." मग माझ्याकडे वळले. "तिला हे सांगशील तर बघ. पुढच्या रविवारी निळीच पहिली, समजलास? तुझ्या मामीचे आत्ता कुठे टायर गरम होतायत."